खांद्याच्या हाडातली पोकळी आणि प्रमेयाचा व्यत्यास

गेल्या दिवाळीच्या आधी माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढण्यासाठी मी उजवा हात वर नेला आणि दंडाच्या बाहेरच्या अंगाने अशी कळ गेली की, सोऱ्या तिथेच ठेवून मला खाली बसावे लागले. त्याआधीही काही महिने बारीकसारीक तक्रारी चालूच होत्या. दांडीवर काठीने कपडे वाळत घालताना हात मध्येच अडे, अंबाडा घालताना मान हाताकडे न्यावी लागे, आणि रात्री उजव्या कुशीवर वळले की तासाभरात जाग येई. पण सेवानिवृत्त शिक्षिकेचा खांदा दुखणे ही काही बातमी नव्हे, असे मानून मी तेल, शेक आणि बाम यांवर दिवस काढत होते. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले, म्हणजे एकतीस वर्षे फळ्यावर हात उंच धरून लिहिले. तेव्हा कुठेतरी काहीतरी झिजले असणार, एवढेच माझे निदान होते.

दिवाळीनंतर सांगलीहून मिरजेला अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी हात निरनिराळ्या दिशांना फिरवून पाहिले, दोन्ही हात समोर थोडे तिरपे धरून अंगठे खाली करायला लावले, जणू डबा उपडा करून रिकामा करायचा आहे, आणि त्या स्थितीत वरून दाब दिला. उजवा हात लगेच खाली आला. मग तळहाताची मागची बाजू कमरेवर टेकवून हात पाठीपासून मागे उचलायला सांगितला. तो मला उचलता आला. एक्स-रे झाला, आणि त्यानंतर एका निदान केंद्रात एमआरआय. तिथल्या तंत्रज्ञ मुलाने ‘मावशी, अजिबात हलू नका’ असे बजावून मला त्या खडखडणाऱ्या नळकांड्यात सरकवले.

अहवाल दुसऱ्या दिवशी हाती आला. दोन पानांतल्या बहुतेक ओळी मला कळल्या नाहीत, पण एक कळली, किंवा कळली असे वाटले: दंडाच्या हाडाच्या डोक्यात अनेक लहान सिस्ट आहेत. कुठे आहेत, किती मोठ्या आहेत, याबद्दल अहवालात एक शब्दही नव्हता. नात्यातल्या एका जाणत्या माणसाला फोन केला तर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘सिस्ट म्हणजे गाठच की. हाडात गाठ म्हटल्यावर लगेच दाखवून घे.’’ डॉक्टरांची पुढची वेळ आठ दिवसांनी होती. ते आठ दिवस कसे गेले हे लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांच्या हाती असा कागद पडला आहे त्यांना ते ठाऊक आहे.

खरे तर पहिला घोटाळा भाषेचाच आहे. मराठी घरांत सिस्ट हा शब्द बहुधा अंडाशयाच्या किंवा स्तनाच्या संदर्भात येतो आणि आपण त्याचे भाषांतर बिनदिक्कत ‘गाठ’ असे करतो. गाठ म्हटले की काहीतरी वाढलेले, भरीव, हाताला लागणारे डोळ्यांसमोर येते, आणि त्या मागोमाग येणारा शब्द कोणीच उच्चारत नाही, पण प्रत्येकाच्या मनात तोच असतो. खांद्याच्या हाडातली सिस्ट मात्र नेमकी उलटी वस्तू आहे. तिथे काही वाढलेले नसते, तर हाडाचा थोडासा भाग नाहीसा होऊन त्या जागी पोकळी झालेली असते आणि त्या पोकळीत पातळ द्रव किंवा तंतुमय ऊती भरलेली असते. काटेकोर बोलायचे तर ती सिस्टही नव्हे, कारण खऱ्या सिस्टला आतून पेशींचे स्वतंत्र अस्तर असते आणि या पोकळ्यांना बहुधा तसे अस्तर नसते. ‘पोकळी’ हा साधा मराठी शब्द त्या अहवालात असता तर माझे आठ दिवस वाचले असते.

त्या पोकळ्या कुठे आहेत हे का महत्त्वाचे, ते कळण्यासाठी खांद्याची रचना थोडी पाहावी लागते. शाळेच्या स्नेहसंमेलनात लिंबू-चमच्याची शर्यत सर्वांनी पाहिलेली असते. खांद्याचा सांधा जवळजवळ तसाच आहे. दंडाच्या हाडाचे गोल डोके हे लिंबू, आणि फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, कडेला असलेली उथळ वाटी हा चमचा. कोणत्याही क्षणी डोक्याचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच त्या वाटीला टेकलेला असतो. असे लिंबू चमच्यातून पडू नये आणि तरीही हात आभाळापासून पाठीपर्यंत सगळीकडे फिरावा, ही दोन्ही कामे मुख्यतः चार स्नायू करतात. ते फऱ्यावरून निघतात आणि त्यांच्या चपट्या कंडरा, म्हणजे टेंडन, एकमेकींत मिसळून हाडाच्या डोक्याभोवती आच्छादनासारख्या बसतात. या आच्छादनाला रोटेटर कफ म्हणतात. (या कफाचा खोकल्याशी काही संबंध नाही, सदऱ्याच्या मनगटावर असते ती पट्टी म्हणजे हा कफ. आमच्या शेजारच्या आजींनी मला त्यावर अडुळसा सुचवला होता, म्हणून खुलासा करते.)

डोक्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाचे दोन उंचवटे असतात, एक मोठा आणि एक लहान, आणि दोहोंच्या मधल्या खोबणीतून बायसेप्सची लांब कंडरा जाते. लहान उंचवटा पुढच्या बाजूला आहे आणि त्यावर सबस्कॅप्युलॅरिस हा स्नायू चिकटतो. मोठ्या उंचवट्यावर तिघे ओळीने बसतात: पुढच्या भागात सुप्रास्पायनेटस, त्याच्या मागे इन्फ्रास्पायनेटस आणि सर्वांत खाली टेरिस मायनर. हात बाजूने वर उचलण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो सुप्रास्पायनेटस, आणि खांद्याच्या कंडरांपैकी सर्वाधिक वेळा फाटतो तोही हाच. इन्फ्रास्पायनेटस जिथे हाडाला चिकटतो ती रेघ आणि सांध्याच्या कूर्चेची कड यांच्यामध्ये, डोक्याच्या मागच्या अंगाला, हाडाची एक छोटी पट्टी उघडी राहते. तिच्यावर कूर्चाही नसते आणि कंडराही नसते. रक्तवाहिन्यांसाठी तिथे जन्मजातच बारीक छिद्रे असतात. ही उघडी पट्टी वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण माझ्या आठ दिवसांच्या भीतीचा उगम तिथेच होता.

डॉक्टरांकडे पुन्हा गेले तेव्हा त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि सीडी संगणकावर लावली. अहवालापेक्षा चित्रे स्वतः पाहण्याची ही सवय मला फार आवडली. विद्यार्थ्याचे उत्तर मार्गदर्शकातल्या उत्तराशी ताडून न पाहता पायऱ्या तपासण्यासारखेच ते आहे. एमआरआयच्या काही चित्रांत द्रव पांढराशुभ्र दिसतो आणि चरबीचा संकेत मुद्दाम दाबलेला असल्यामुळे हाड काळपट दिसते, म्हणून त्या काळपटावर पोकळ्या चांदण्यांसारख्या उठून दिसतात. मागच्या अंगाला, त्या उघड्या पट्टीत, मुगाच्या दाण्याएवढ्या तीन चांदण्या शेजारीशेजारी होत्या. ‘‘बाई, यांच्यासाठी झोप घालवली असेल तर फुकट घालवलीत,’’ ते म्हणाले. ‘‘या मला रोज कुणा ना कुणाच्या खांद्यात दिसतात.’’ मग चित्रे एकेक करत पुढे सरकवली. पुढच्या भागात, मोठ्या उंचवट्याच्या टोकाशी, सुप्रास्पायनेटस जिथे चिकटतो त्याच्या बरोबर खाली आणखी एक पोकळी होती. लहान वाटाण्याएवढी आणि एकटी. तिच्यावरच्या कंडरेत सांध्याच्या बाजूने एक पांढरी चीर आत गेली होती. ‘‘हिच्याकडे पाहा. ही बोलते आहे.’’

अहवालाने या चारही पोकळ्यांना एकाच ओळीत, एकाच शब्दात बसवले होते. अहवाल लिहिणाऱ्यांवर कामाचा किती ताण असतो याची मला कल्पना आहे, आणि कंडरेतील चिरेचा उल्लेख पहिल्या पानावर स्वतंत्रपणे केलेला होता हेही मान्य करते. तरीही ‘कुठे’ हा एक शब्द गाळल्यामुळे त्या वाक्यातला अर्थाचा भाग गेला आणि भीतीचा तेवढा उरला, असे माझे मत आहे.

घरी आल्यावर मी या विषयावर वाचायला घेतले. अस्थिशास्त्रातले माझे ज्ञान दहावीच्या विज्ञानापलीकडचे नाही, पण शोधनिबंधातला तक्ता वाचता येतो. रेडिऑलॉजी या नियतकालिकात २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात ओळीने तपासलेल्या २३८ रुग्णांच्या खांद्यांचे एमआरआय पाहून हाडाच्या उंचवट्यांमधील पोकळ्या जागेनुसार वेगळ्या मोजल्या होत्या. त्यातून निघालेले चित्र असे की, मागच्या भागातील पोकळ्या पुष्कळांना असतात आणि कंडरेच्या दुखापतीशी त्यांचा ठोस संबंध दिसत नाही. पुढच्या भागातील पोकळ्या त्यामानाने कमी जणांना असतात, पण ज्यांना असतात त्यांच्या रोटेटर कफच्या कंडरांमध्ये बिघाड सापडण्याची शक्यता बरीच अधिक असते. लहान उंचवट्यातील पोकळीबद्दल तर शल्यचिकित्सक विशेष सावध असतात. सबस्कॅप्युलॅरिसची फाट एमआरआयमध्ये सहज नजरेतून सुटते, आणि तिच्याखालच्या हाडातली पोकळी हा तिकडे पुन्हा एकदा निरखून पाहण्याचा इशारा ठरतो. पाठीवरून हात मागे उचलण्याची जी परीक्षा माझी घेतली होती, ती याच स्नायूची होती.

मागच्या पोकळ्यांबद्दल मृतदेहांच्या खांद्यांवरही काम झाले आहे. तिथे हाड कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता यांपैकी पुष्कळ पोकळ्या सांध्याच्या आतल्या जागेशी जोडलेल्या आढळल्या; म्हणजे सांध्यातला द्रव त्या बारीक छिद्रांतून आत जाऊन बसलेला असावा. याला एक अपवाद सांगायला हवा. जे सतत हात डोक्यावर नेऊन जोराने फेकतात, उदाहरणार्थ भालाफेक करणारे किंवा बेसबॉलचे पिचर, त्यांच्या खांद्यात हात मागे ताणलेल्या स्थितीत कंडरेची आतली बाजू हाडाचे डोके आणि वाटीची कड यांमध्ये चिमटली जाते. अशा तरुण खेळाडूच्या मागच्या-वरच्या भागात पोकळ्या दिसल्या तर त्यांना वयाची खूण म्हणून सोडून देता येत नाही.

आता प्रश्न असा की, कंडरा फाटली म्हणून हाडाला पोकळी का पडावी? याचे एकच सर्वमान्य उत्तर नाही. दोन-तीन स्पष्टीकरणे आहेत आणि ती एकमेकांना खोडत नाहीत. पहिले स्पष्टीकरण पाण्याचे आहे. कंडरा हाडाला चिकटते तिथे ती हाडाच्या पृष्ठभागावर नुसती टेकलेली नसते, तर कंडरेचे तंतू आधी मऊ कूर्चेत, मग चुना साठलेल्या कूर्चेत आणि अखेर हाडात असे टप्प्याटप्प्याने रुजलेले असतात. चीर सांध्याच्या बाजूने सुरू झाली की ही रुजलेली जागा उघडी पडते आणि हात हलवताना कमीजास्त होणाऱ्या दाबाने सांध्यातला द्रव हाडाच्या सालीतल्या भेगांतून आत ढकलला जातो. पावसाळ्यात गच्चीचा गिलावा एका ठिकाणी सुटला की ओल भिंतीत किती खोल जाते हे सांगलीकरांना समजावून सांगायला नको. दुसरे स्पष्टीकरण ताणाचे आहे: झिजलेल्या कंडरेच्या मुळाशी ओढ असमान पडते, हाडात सूक्ष्म इजा होत राहतात, आणि शरीर त्या इजा झालेल्या हाडाचे शोषण करते. तिसरे स्पष्टीकरण बेकारीचे म्हणता येईल. ज्या हाडावर ओढ पडायची थांबते ते हाड विरळ होत जाते. कंडरा सुटल्यावर मोठ्या उंचवट्यातले हाड विरळ होते, आणि विरळ हाडात पोकळी सहज होते.

या तिन्ही स्पष्टीकरणांत पुढची पोकळी ही कंडरेच्या दुखण्याची सोबतीण आहे. ती त्या दुखण्याचे मूळ नव्हे. म्हणून पोकळीवर स्वतंत्र औषध नसते आणि ती बुजवली म्हणून खांदा बरा होत नाही. मला हे पटायला वेळ लागला, कारण चित्रात सर्वांत ठळक दिसते ती पोकळीच. चीर ही पुसटशी रेघ असते.

इथे गणिताची शिक्षिका मध्ये आल्यावाचून राहत नाही. नववी-दहावीच्या भूमितीत आम्ही प्रमेय शिकवतो आणि लगेच त्याचा व्यत्यास, म्हणजे उलट विधान, शिकवतो. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा आहे, म्हणून मुलांना वाटू लागते की प्रत्येक विधानाचा व्यत्यास खराच असतो. मग मी त्यांना सांगत असे: प्रत्येक चौरस हा समभुज चौकोन असतो, आता उलटे म्हणून पाहा. ‘कंडरा फाटलेल्यांपैकी पुष्कळांच्या उंचवट्यात पोकळी असते’ आणि ‘उंचवट्यात पोकळी असलेल्यांपैकी पुष्कळांची कंडरा फाटलेली असते’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि एक खरे असल्याने दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. दुसरे विधान खरे ठरते की नाही हे पोकळीच्या जागेवर अवलंबून असते: पुढच्या भागासाठी ते बऱ्यापैकी टिकते, मागच्या भागासाठी टिकत नाही. तिसरे विधान, ‘पोकळी नाही म्हणजे कंडरा शाबूत आहे’, हे तर सरळ चुकीचे आहे, कारण फाटलेल्या कितीतरी कंडरांखालचे हाड निर्दोष असते. वैद्यकातले बहुतेक गैरसमज शरीररचनेच्या अज्ञानातून येत नाहीत, व्यत्यासाच्या गैरवापरातून येतात, असा माझा जुना संशय आहे. या प्रकरणाने तो बळावला.

व्यत्यासाचाच आणखी एक पदर आहे. चीर सापडली, मग दुखणे चिरेचेच आहे का? १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले होते. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या कंडरेत पूर्ण किंवा अर्धवट फाट निघाली, आणि साठीच्या पुढच्या गटात हे प्रमाण ५४ टक्के होते. ही माणसे हसतखेळत वावरत होती. तेव्हा साठीच्या आसपासच्या कोणाच्याही खांद्यात पाहिले तर काहीतरी सापडण्याचा संभव मोठा आहे. माझ्या एकतीस वर्षांच्या फळ्याला मी दोष देत होते, पण डाव्या खांद्याचा एमआरआय कुणी काढलेला नाही. तिथेही अशीच चीर आणि अशीच पोकळी असेल आणि ती गप्प असेल, तर फळ्यावरचा आरोप सिद्ध होत नाही. तुलनेसाठी दुसरी बाजू न पाहता निष्कर्ष काढला तर परीक्षेत मी गुण दिले नसते, म्हणून तो निष्कर्ष मी स्वतःही मागे घेतला आहे. वय, मधुमेह, धूम्रपान आणि हात वर नेऊन करायची कामे, या सर्वांचा कंडरेच्या झिजेत वाटा असतो; त्यांपैकी तीन मला लागू आहेत.

खांद्याच्या हाडातली प्रत्येक पोकळी कंडरेशी किंवा वयाशीच जोडलेली असते असे समजून कोणी निर्धास्त होऊ नये. सांध्याची कूर्चा झिजून होणाऱ्या संधिवातात आणि आमवातातही पोकळ्या होतात, पण त्या सांध्याच्या पृष्ठभागालगत असतात आणि वाटीच्या बाजूलाही दिसतात. क्षयरोग खांद्याच्या हाडात बसला तर डोक्याचा भाग पोखरला जातो, आणि त्याचा एक प्रकार असा कोरडा असतो की पू किंवा सूज फारशी दिसत नाही, फक्त खांदा आखडत आणि दंड वाळत जातो. आपल्या देशात हे विसरून चालत नाही. वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्यांच्या हाडांत एका प्रथिनाचे साठे होऊन पोकळ्या दिसतात. लहान मुलांत दंडाच्या हाडाच्या वरच्या भागात होणारी मोठी साधी पोकळी हा तर वेगळाच विषय आहे. खेळताना किरकोळ पडल्यावर हात मोडतो आणि एक्स-रेत ती प्रथमच दिसते. खांदा निखळून गेलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला पडलेली खोक कधीकधी पोकळीसारखी दिसते. वजन घटणे, ताप, विश्रांतीतही न थांबणारी आणि वाढत जाणारी वेदना, किंवा पूर्वी झालेला कर्करोग, यांपैकी काही असेल तर हाडातल्या पोकळीचा विचार अगदी निराळ्या शिस्तीने होतो.

याखेरीज सिस्ट हेच नाव मिरवणारी आणखी एक वस्तू खांद्यात असते आणि ती हाडात नसतेच. वाटीच्या कडेला कूर्चेसारखी एक गोल किनार असते. ती फाटली की द्रव बाहेर येऊन मऊ भागात फुगा तयार होतो. हा फुगा फऱ्याच्या खाचेत शिरला तर तिथून जाणारा मज्जातंतू दाबला जातो आणि इन्फ्रास्पायनेटस वाळू लागतो. त्यावर उपचार करावे लागतात. आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत महाविद्यालयात व्हॉलीबॉल खेळणारा एक मुलगा येत असे. त्याच्या अहवालातही सिस्ट होती आणि माझ्याही होती, म्हणून आम्ही दोघे एकाच आजाराचे असे काही दिवस समजत होतो. वास्तविक त्याची सिस्ट हा त्याचा आजार होता आणि माझ्या सिस्टा, निदान तीन, माझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारख्या होत्या.

माझ्या बाबतीत शस्त्रक्रियेचा प्रश्न लगेच आला नाही. चीर कंडरेच्या जाडीच्या निम्म्याहून कमी होती आणि कोणत्याही अपघाताने झालेली नव्हती. डॉक्टरांनी सांगितले की, अशा खांद्यांना आधी किमान तीन महिने व्यवस्थित व्यायाम द्यायचा. त्यांनी एका मोठ्या अमेरिकन पाहणीचा दाखला दिला: अपघाताशिवाय पूर्ण फाटलेल्या कंडरेच्या रुग्णांना फिजिओथेरपी दिली, तेव्हा दोन वर्षांच्या अखेरीस चारांपैकी सुमारे तिघांना शस्त्रक्रियेची गरज वाटली नव्हती. पडल्यामुळे अचानक फाटलेली कंडरा, किंवा तरुण माणसाची पूर्ण फाट, यांची गोष्ट वेगळी; तिथे उशीर केला तर स्नायू आक्रसतो, त्यात चरबी भरते, आणि नंतर टाका घालायला धड कापडच उरत नाही.

पुढच्या पोकळीचे खरे महत्त्व शस्त्रक्रियेच्या वेळी कळते. सुटलेली कंडरा परत बसवण्यासाठी मोठ्या उंचवट्यात स्क्रूसारखे छोटे अँकर रोवतात आणि त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा हाडावर बांधतात. अँकर रोवायचा नेमक्या त्याच जागेत जर पोकळी असेल, तर सुटत्या मातीच्या भिंतीत खिळा ठोकावा तशी गत होते. म्हणून शल्यचिकित्सक आधीच चित्रे पाहून अँकरची जागा बदलतात, मोठा अँकर घेतात किंवा पोकळी साफ करून तिच्यात हाडाचा भराव घालतात. अहवालात पोकळीची जागा आणि आकार लिहिण्याचा आग्रह मी धरते त्याचे कारण रुग्णाची भीती एवढेच नाही. ती माहिती पुढे कोणाच्या तरी हाताला लागणार असते. विरघळणाऱ्या काही अँकरभोवती शस्त्रक्रियेनंतर नव्या पोकळ्या दिसतात, हाही या विषयातला एक विचित्र वळसा आहे.

इंजेक्शनचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला, पण मला मधुमेह आहे आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, म्हणून मी तो मागे ठेवला. मधुमेह्यांचा खांदा जखडण्याची भीती इतरांपेक्षा अधिक असते, त्यामुळे दुखते म्हणून हात गळ्यात अडकवून बसणे मला परवडण्यासारखे नव्हते. पहिला व्यायाम झोक्याचा होता: डाव्या हाताने टेबलाचा आधार घेऊन कमरेत वाकायचे आणि उजवा हात मोकळा सोडून लंबकासारखा हलू द्यायचा. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. खांद्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३४ चा आहे, म्हणजे एमआरआयच्या कितीतरी आधीचा. पहिले दोन आठवडे हा लंबक, नंतर भिंतीवर बोटांनी चढणे, मग रबरी पट्टी दाराच्या कडीला बांधून कोपर कमरेशी ठेवून हात बाहेर आणि आत फिरवणे, आणि या सर्वांच्या बरोबरीने फऱ्याचे स्नायू बळकट करणारे व्यायाम. फिजिओथेरपिस्ट मुलगी वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढी होती आणि गृहपाठ तपासण्याच्या बाबतीत माझ्याहून कडक. वहीत रोजची नोंद नसेल तर ती पुढचा व्यायाम देत नसे.

आता सात महिने झाले आहेत. रात्रीची जाग दुसऱ्या महिन्यातच थांबली. हात डोक्यावर जातो, अंबाडा घालता येतो. पाठीमागचा हूक अजून डाव्या हाताने लावावा लागतो आणि माळ्यावरचे जड डबे मुलगा काढून देतो. पोकळ्या भरल्या का ते पाहण्यासाठी पुन्हा एमआरआय काढू का, असे मी गेल्या खेपेस विचारले. डॉक्टर म्हणाले की, त्या बहुतेक तशाच असतील आणि त्या तशाच असल्या काय किंवा नसल्या काय, तुमच्या व्यायामात एका ओळीचाही फरक पडणार नाही. जोर कमी झाला, हात उचलणे अवघड झाले किंवा रात्रीचे दुखणे परत आले तर मात्र कंडरेसाठी पुन्हा चित्र काढू. मी घरी येऊन त्या जुन्या अहवालावर, सिस्टच्या ओळीसमोर, पेन्सिलीने लिहून ठेवले: मागे तीन, पुढे एक.